‘सापडलेल्या चित्रणा’चा भयपट : अल्पखर्च, विश्वास आणि त्याची किंमत

सारांश

१९९९ साली प्रदर्शित झालेल्या ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’ या अमेरिकन चित्रपटाने भयपटाचे अर्थकारण आणि त्याचे दृश्यव्याकरण या दोहोंत परिवर्तन घडवून आणले, हे आता सर्वमान्य झाले आहे. या परिवर्तनाचे श्रेय सामान्यतः हलता कॅमेरा, स्वस्त उपकरणे आणि ‘हे सारे प्रत्यक्षात घडले आहे’ अशी प्रसिद्धी यांना दिले जाते. प्रस्तुत लेखात या समजुतीची चिकित्सा केली आहे. भारतीय रससिद्धान्ताच्या आधारे पाहता या चित्रपटप्रकाराचे खरे सामर्थ्य सत्यतेच्या दाव्यात नसून भयाचे कारण दृष्टीआड ठेवून त्याचे परिणाम समोर आणण्यात आहे, असे येथे प्रतिपादन केले आहे. तसे असेल तर सत्यतेच्या दाव्यासाठी कलावंतांनी जी किंमत मोजली ती कलेची गरज होती की विक्रीची, हा प्रश्न टाळता येत नाही.

बीजशब्द : भयपट, फाउंड फुटेज, अल्पखर्ची चित्रपट, भयानक रस, साधारणीकरण, कलावंतांचे श्रम

१. प्रस्तावना

कोणीतरी चित्रित केलेली, चित्रित करणारा मात्र नाहीसा झालेला, आणि पुढे इतरांच्या हाती लागलेली चित्रफीत आपण पाहत आहोत, असा बहाणा करून सांगितलेल्या कथेला चित्रपटसमीक्षेत ‘फाउंड फुटेज’ म्हणतात. मराठीत त्यास ‘सापडलेले चित्रण’ म्हणता येईल. ही युक्ती साहित्याला नवी नाही. ब्रॅम स्टोकर यांची ‘ड्रॅक्युला’ (१८९७) ही कादंबरी रोजनिशा, पत्रे, वृत्तपत्रांतील कात्रणे आणि ध्वनिमुद्रित टिपणे यांची जुळणी करूनच उभी राहते. निवेदकाने ‘मी सांगतो’ असे म्हणण्याऐवजी ‘ही कागदपत्रे बोलतात’ असे म्हटले की वाचकाचा अविश्वास सैल होतो, हे त्या कादंबरीकाराला ठाऊक होते. आकाशवाणीवर ऑर्सन वेल्स यांनी १९३८ साली ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ बातमीपत्राच्या रूपात सादर केले. ब्रिटनमध्ये बीबीसीने १९९२ च्या ३१ ऑक्टोबर रोजी ‘घोस्टवॉच’ हे नाटक थेट प्रक्षेपणाच्या थाटात दाखवले. ती याच युक्तीची पुढची रूपे होत.

चित्रपटात मात्र ही युक्ती रुजण्यास फार काळ लागला. त्याचे कारण उपकरणांत आहे. रोजनिशी कोणीही लिहू शकतो, पण चित्रण करणे हे दीर्घकाळ व्यावसायिकांचेच काम होते. व्हिडिओ कॅमेरा घरोघरी पोहोचल्यावर चित्रण ही रोजनिशीइतकी खाजगी गोष्ट झाली आणि मगच ‘कोणाचे तरी चित्रण सापडले’ हे विधान पटण्याजोगे झाले. या दृष्टीने फाउंड फुटेज भयपट हा गृहोपयोगी कॅमेऱ्याचा वाङ्मयप्रकारच म्हणावा लागेल.

२. उद्दिष्टे आणि व्याप्ती

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :

१) अल्पखर्ची फाउंड फुटेज चित्रपटांनी भयपटात नेमका कोणता बदल घडवला याचा शोध घेणे.
२) या बदलाचा रससिद्धान्ताच्या परिभाषेत विचार करणे.
३) ‘अल्पखर्च’ या संकल्पनेची, म्हणजेच खर्च कोणी वाचवला आणि कोणी सोसला याची, चिकित्सा करणे.

विवेचनासाठी ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’ (१९९९) हा चित्रपट केंद्रस्थानी ठेवला असून ‘पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी’ (चित्रीकरण २००६, सर्वत्र प्रदर्शन २००९) आणि हिंदीतील ‘रागिणी एमएमएस’ (२०११) या चित्रपटांचा तुलनेसाठी आधार घेतला आहे. इतर चित्रपटांचे उल्लेख प्रसंगोपात्त आहेत. अभ्यासाची पद्धती संहितानिष्ठ आणि विश्लेषणात्मक आहे.

३. पूर्वपीठिका : लपवावी लागणारी गरिबी

अल्पखर्च ही भयपटाला नवी गोष्ट नव्हती. जॉर्ज रोमेरो यांचा ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ (१९६८) सुमारे १ लाख १४ हजार डॉलरमध्ये झाला. कृष्णधवल चित्रणात चॉकलेटचे सिरप रक्त म्हणून चालून गेले. जॉन कार्पेंटर यांच्या ‘हॅलोवीन’मधील (१९७८) खुन्याचा मुखवटा हा दूरचित्रवाणी मालिकेतील एका नायकाच्या चेहऱ्याचा बाजारात मिळणारा मुखवटा होता. तो पांढरा रंगवून वापरला गेला. आपल्याकडे रामसे बंधूंनी ‘दो गज़ ज़मीन के नीचे’ (१९७२) पासून ‘पुराना मंदिर’ (१९८४) आणि ‘वीराना’ (१९८८) पर्यंत कौटुंबिक तांड्याच्या बळावर, मोजक्या पैशांत भयपट काढले.

या सर्वांत एक गोष्ट समान आहे. तेथे गरिबी लपवावी लागे. सिरपचे रक्त वाटावे, रंगवलेला मुखवटा निर्विकार चेहरा वाटावा, रबराचा राक्षस जिवंत वाटावा यासाठी प्रकाशयोजना, संकलन आणि पार्श्वसंगीत राबत असे. प्रेक्षकाने उणीव ओळखली की भय संपे आणि हसू सुरू होई. अल्पखर्च ही निर्मितीची अडचण होती. तिचे कथेच्या अर्थाशी काही नाते नव्हते.

फाउंड फुटेजचा पहिला गाजलेला चित्रपट म्हणून रुज्जेरो देओदातो यांच्या ‘कॅनिबल होलोकॉस्ट’चा (१९८०) उल्लेख केला जातो. अमेझॉनच्या अरण्यात गेलेला माहितीपटकारांचा गट परतत नाही, त्यांची फीत मिळते, असे त्याचे कथानक आहे. हा चित्रपट इटलीत जप्त झाला. पडद्यावर मेलेले कलावंत प्रत्यक्षात जिवंत आहेत हे दिग्दर्शकाला सिद्ध करावे लागले. कलावंत जिवंत होते, परंतु पडद्यावर मारले गेलेले प्राणी खरोखरच मारले गेले होते. सत्याचा आभास निर्माण करताना प्रत्यक्ष किंमत कोणाकडून तरी वसूल केली जाते, हा या प्रकारामागे लागलेला प्रश्न त्याच्या आरंभापासूनचा आहे.

‘ब्लेअर विच’च्या आदल्याच वर्षी स्टेफन अव्हालोस आणि लान्स वेलर यांचा ‘द लास्ट ब्रॉडकास्ट’ (१९९८) आला. त्याचा खर्च निर्मात्यांनी सुमारे ९०० डॉलर सांगितला आहे. घरगुती संगणकावर संकलित झालेला हा चित्रपट उपग्रहामार्गे चित्रगृहांत पोहोचवला गेला. म्हणजे तंत्र सिद्ध झाले होते. त्या तंत्रातून नवे सौंदर्यतत्त्व घडवण्याचे काम पुढच्या चित्रपटाने केले.

४. ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’ : उणिवेचा पुरावा

डॅनियल मायरिक आणि एदुआर्दो सांचेझ यांनी १९९७ च्या ऑक्टोबरमध्ये मेरीलँड राज्यातील अरण्यात आठ दिवस हा चित्रपट चित्रित केला. कथानक थोडक्यात असे : १९९४ साली तीन विद्यार्थी एका चेटकिणीच्या दंतकथेवर माहितीपट करण्यासाठी बर्किट्सव्हिलजवळच्या रानात जातात, नाहीसे होतात आणि वर्षभराने त्यांनी केलेले चित्रण सापडते. हेदर डोनाह्यू, मायकेल विल्यम्स आणि जोशुआ लेनर्ड या तिघा कलावंतांनी स्वतःच्याच नावांनी भूमिका केल्या. एक हाय-८ व्हिडिओ कॅमेरा आणि एक १६ मि.मी.चा कृष्णधवल कॅमेरा त्यांच्याच हाती होता. संवाद लिहिलेले नव्हते. कलावंतांना रोज चिठ्ठ्यांतून सूचना मिळत, स्थाननिर्देशक यंत्राच्या साहाय्याने ते पुढच्या मुक्कामी पोहोचत. दिवसागणिक त्यांचे अन्न कमी केले जाई आणि रात्री दिग्दर्शकमंडळी तंबू हलवून त्यांची झोप उडवत. सुमारे वीस तासांच्या चित्रणातून ८१ मिनिटांचा चित्रपट निघाला.

मूळ चित्रीकरणाचा खर्च सर्वसाधारणपणे ३५ ते ६० हजार डॉलर सांगितला जातो. पुढील संस्कारांनंतर तो काही लाखांवर गेला. १९९९ च्या जानेवारीत सनडान्स महोत्सवात हा चित्रपट आर्टिझन या वितरकसंस्थेने सुमारे ११ लाख डॉलरना घेतला आणि त्याने जगभरात सुमारे २४ कोटी ८० लाख डॉलर मिळवले.

या आकड्यांनी दिपून जाणे सोपे आहे. परंतु समीक्षेच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. या चित्रपटात गरिबी लपवलेली नाही, तीच पुराव्यादाखल पुढे केली आहे. प्रतिमा धूसर आहे, कारण नवख्या विद्यार्थ्यांनी ती टिपली आहे. कॅमेरा हलतो, कारण तो धरणारी व्यक्ती धावत आहे. कित्येक क्षण पडदा पूर्ण काळा राहतो, कारण रात्री रानात काही दिसत नाही. संगीत जवळजवळ नाही, कारण सापडलेल्या फितीला संगीत कोण देणार? जी प्रत्येक उणीव ‘हॅलोवीन’ला झाकावी लागली असती, ती येथे सत्यतेची साक्ष ठरते. अल्पखर्च निर्मितीच्या हिशेबवहीतून उठून कथेच्या अर्थात शिरला. भयपटात घडलेला मूलभूत बदल तो हाच.

फ्रेंच समीक्षक आंद्रे बाझँ यांनी छायाचित्राच्या सत्तेविषयी १९४५ साली मांडलेला विचार येथे आठवतो. चित्रकाराच्या हाताविना, यंत्राने उमटलेली प्रतिमा वस्तूच्या अस्तित्वात सहभागी असते, म्हणून आपण तिच्यावर विश्वास ठेवतो, असा त्याचा आशय आहे. फाउंड फुटेज हा विश्वास उसना घेते, पण प्रतिमेत दाखवत मात्र काहीच नाही. विश्वास बसला आहे पण दिसत काही नाही, या फटीत त्याचे भय जन्मते.

५. आलंबनाविना भय : रसदृष्ट्या विचार

पाश्चात्य समीक्षेत या चित्रपटप्रकाराचा विचार मुख्यतः वास्तववादाच्या अंगाने झाला आहे. भरताच्या नाट्यशास्त्रातील भयानक रसाचे विवेचन समोर ठेवले तर काही गोष्टी अधिक स्पष्ट होतात. भरताने भयाची जी कारणे, म्हणजे विभाव, सांगितले आहेत त्यांत विकृत आवाज, भुताखेतांचे दर्शन, ओसाड घर, अरण्यात जाणे, तसेच स्वजनांचा वध किंवा बंधन पाहणे, ऐकणे वा त्याची कथा कानी येणे यांचा समावेश होतो. ही यादी वाचताना ‘ब्लेअर विच’चा आराखडाच वाचत असल्यासारखे वाटते. रात्रीचे आवाज आहेत, अरण्य आहे, शेवटी ओसाड घर आहे, नाहीशा झालेल्या मित्राची दुरून येणारी हाक आहे. नाही ते फक्त भुताचे दर्शन.

उत्तरकालीन शास्त्रकारांची परिभाषा वापरायची तर येथे आलंबन विभाव, म्हणजे ज्याचे भय वाटते तो विषय, वगळला आहे आणि उद्दीपन विभाव व अनुभाव तेवढे ठेवले आहेत. रामसे बंधूंच्या चित्रपटांचे सारे बळ आलंबनावर होते. राक्षस कसा दिसतो यावर चित्रपटाचे यशापयश ठरे. ‘ब्लेअर विच’मध्ये चेटकीण एकदाही दिसत नाही. दिसतात ते तिचे परिणाम : थरथर, घोगरा झालेला आवाज, अश्रू, गोठून जाणे. शास्त्रकारांनी सांगितलेल्या आठ सात्त्विक भावांपैकी वेपथू, स्वरभेद, अश्रू आणि स्तंभ हे चार तर या चित्रपटाचे संपूर्ण भांडवल आहे. येथे वेपथू केवळ पात्राच्या देहाला होत नाही. तो प्रतिमेलाच होतो. पात्राचा कंप कॅमेऱ्यातून पडद्यावर येतो आणि प्रेक्षकाची दृष्टी स्वतःच थरथरू लागते. हलत्या कॅमेऱ्याकडे तांत्रिक गचाळपणा म्हणून पाहणाऱ्यांनी त्याचे हे अनुभावाचे कार्य ध्यानात घेतलेले नाही.

चित्रपटाचा शेवट याचे उत्तम उदाहरण आहे. आरंभी गावातील एक रहिवासी जुनी हकिकत सांगतो : एक खुनी दोन मुलांना तळघरात नेई आणि एकाला मारताना दुसऱ्याला कोपऱ्याकडे तोंड करून उभे करी. अखेरीस हेदर ओसाड घराच्या तळघरात पोहोचते, तेव्हा तिच्या कॅमेऱ्याला मायकेल कोपऱ्याकडे तोंड करून उभा असलेला दिसतो. लगेच कॅमेरा खाली पडतो. रक्त नाही, चेटकीण नाही, वार नाही. पाठमोरा उभा असलेला एक माणूस आणि कधीकाळी ऐकलेली कथा, एवढ्यावर प्रसंग पूर्ण होतो. भरताने दर्शनाच्या जोडीने श्रवण आणि कथा यांनाही भयाच्या कारणांत का बसवले, याचा प्रत्यय येथे येतो.

आता प्रश्न सत्यतेच्या दाव्याचा. अभिनवगुप्ताने रसास्वादातील विघ्ने सांगताना दोन महत्त्वाच्या विघ्नांचा उल्लेख केला आहे. एक, संभावनेचा अभाव : प्रेक्षकाला घटना संभवनीयच वाटली नाही तर तो रंगत नाही. दुसरे, देशकालाच्या विशिष्टतेत अडकणे : हे भय ‘माझे’ किंवा ‘अमक्याचे’ असे वाटले तर ते आस्वाद्य न राहता केवळ लौकिक भय उरते. भयानक रसाच्या संदर्भात त्याने घेतलेले शाकुंतलातील धावत्या हरणाचे उदाहरण प्रसिद्ध आहे. ते हरीण कोणा एकाचे राहत नाही, त्याचे भय देशकालापासून मोकळे होते, म्हणूनच त्याचा आस्वाद घेता येतो. पूर्वरंग, प्रस्तावना, नटाची वेशभूषा हे सारे संकेत दुसरे विघ्न दूर करण्यासाठीच असतात.

फाउंड फुटेज पहिले विघ्न विलक्षण कौशल्याने दूर करते, पण त्यासाठी दुसरे विघ्न ओढवून घेते. भूत संभवनीय वाटावे म्हणून ते सांगते की हे हरीण खरे आहे, त्याला नाव आहे, घरी त्याची आई वाट पाहते आहे, आणि भिंतीवर तो बेपत्ता असल्याचे पत्रक लागले आहे. नटाचा वेश नाही, प्रस्तावना नाही, पात्राचे नाव हेच नटाचे नाव. १९९९ साली ज्या प्रेक्षकांनी हे सारे खरे मानले त्यांना जो अनुभव आला तो, या शास्त्राच्या दृष्टीने, रसास्वाद नव्हताच. एखाद्या अपघाताची बातमी ऐकून वाटणाऱ्या भीतीच्या तो अधिक जवळचा होता.

परंतु आज परिस्थिती काय आहे? चित्रपट रचलेला आहे, तिन्ही कलावंत हयात आहेत, हे आता प्रत्येक प्रेक्षक जाणतो. तरीही तळघरातला तो कोपरा भिववतो. हेदर कॅमेरा स्वतःच्या चेहऱ्याजवळ धरून, अर्धाच चेहरा चौकटीत आणि नाक वाहत असताना, आपल्या सोबत्यांच्या आयांची क्षमा मागते, तो प्रसंग आजही अस्वस्थ करतो. खोटे उघड झाल्यावरही भय उरते, याचा अर्थ ते भय खोट्यावर उभे नव्हते. ते अनुभावांवर उभे होते. किंबहुना आता साधारणीकरणाचा मार्ग मोकळा झाल्यामुळे हा चित्रपट खऱ्या अर्थाने आस्वाद्य झाला आहे, असे म्हणता येईल. या निष्कर्षाचे पुढील विवेचनात विशेष महत्त्व आहे.

६. स्थिर कॅमेरा आणि बदललेले अर्थकारण

हलता कॅमेरा हे या प्रकाराचे लक्षण नाही, हे ओरेन पेली यांच्या ‘पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी’ने सिद्ध केले. सॅन डिएगो येथील स्वतःच्या घरात, सुमारे १५ हजार डॉलरमध्ये, आठवडाभरात चित्रित झालेल्या या चित्रपटातील परिणामकारक प्रसंग तिवईवर ठेवलेल्या निश्चल कॅमेऱ्याने टिपले आहेत. शयनगृह, पलंग, उघडे दार, कोपऱ्यात धावणारे वेळेचे आकडे. काहीच घडत नाही. एका प्रसंगी केटी पलंगाशेजारी उठून उभी राहते आणि फीत वेगाने पुढे जाते. आकड्यांवरून कळते की ती तासन् तास तशीच उभी होती. हिंसा नाही, विशेष दृश्यपरिणाम नाही, केवळ कालावधीचे भय आहे. दिग्दर्शक कोठे पाहावे ते सांगत नाही, त्यामुळे प्रेक्षकच चौकटीचा कोपरान् कोपरा धुंडाळू लागतो आणि पहारेकरी बनतो. या चित्रपटाने जगभरात सुमारे १९ कोटी डॉलर मिळवले.

यानंतर या प्रकाराचा प्रसार झपाट्याने झाला. स्पेनमधील हाउमे बालागेरो आणि पाको प्लाझा यांच्या ‘रेक’ने (२००७) दूरचित्रवाणीच्या वार्ताहराचा कॅमेरा एका बंदिस्त इमारतीत नेला. जपानमध्ये ‘नोरोई’ (२००५) आणि ऑस्ट्रेलियात ‘लेक मुंगो’ (२००८) यांनी माहितीपटाची चौकट वापरली. मॅट रीव्हज यांचा ‘क्लोव्हरफील्ड’ (२००८) सुमारे अडीच कोटी डॉलर खर्चून केलेला होता. अडीच कोटी खर्चून घरगुती चित्रणाचा भास निर्माण करणे म्हणजे गरिबी ही आता शैली झाल्याची कबुलीच होय. अर्थकारणाच्या बाजूने पाहता, ‘पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी’च्या निर्मात्यांपैकी एक असलेल्या जेसन ब्लम यांच्या संस्थेने मर्यादित खर्च आणि दिग्दर्शकाला मोकळीक हे सूत्र पुढे रूढ केले. सुमारे ४५ लाख डॉलरमध्ये झालेला ‘गेट आउट’ (२०१७) फाउंड फुटेज नव्हता, परंतु तो ज्या अर्थव्यवस्थेत शक्य झाला तिचा पाया या चित्रपटांनी घातला होता. ही जमेची बाजू निःसंशय मोठी आहे.

७. ‘चित्रण थांबव’ : कॅमेरा कोणाच्या हाती?

या चित्रपटांवर हमखास घेतला जाणारा आक्षेप असा : जिवावर बेतले असताना ही माणसे कॅमेरा खाली का ठेवत नाहीत? हा कथानकातील दोष मानला जातो. प्रस्तुत लेखकाच्या मते हाच या प्रकाराचा अंतःस्थ विषय आहे. ‘ब्लेअर विच’मध्ये दोघे सोबती हेदरला चित्रण थांबवण्यास पुनःपुन्हा विनवतात. कॅमेऱ्यातून दिसणारे जग गाळून आलेले असते, म्हणून ते तिला सुसह्य वाटते, हे जोशुआ तिला सुनावतो. ‘पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी’त केटीला चित्रण नको आहे, मायकाला हवे आहे. मृतात्म्यांशी संवाद साधण्याचा पट विकत घेणार नाही असे वचन तो तिला देतो आणि मग तो उसना आणतो, कारण वचन विकत न घेण्याचे होते. ज्याच्या हाती कॅमेरा आहे तो दुसऱ्याची संमती गृहीत धरतो आणि अनर्थ तेथून वाढत जातो.

पवन कृपलानी दिग्दर्शित ‘रागिणी एमएमएस’ने हा विषय आपल्या समाजाच्या संदर्भात उघड केला. मुंबईबाहेरच्या एका बंगल्यात उदय रागिणीला घेऊन जातो. तेथे छुपे कॅमेरे आधीच बसवलेले आहेत. तिच्या नकळत तिचे खाजगी क्षण टिपून ते विकण्याचा व्यवहार ठरलेला आहे. भुताच्या आधीच येथे भय आहे आणि ते कॅमेरा लावणाऱ्या माणसाचे आहे. विशेष म्हणजे या हिंदी चित्रपटातील भूत मराठी बोलते आणि आपण चेटकीण नसल्याचे सांगत राहते. एका स्त्रीवर चेटकीणपणाचा आरोप लादलेला, दुसरीवर कॅमेरा. दोघींचेही म्हणणे कोणी ऐकत नाही. ही समांतरता चित्रपटाने पुरती विकसित केली असती तर तो या प्रकारातील महत्त्वाची कृती ठरला असता. तसे झाले नाही. मराठी हे केवळ भुताचे गूढ वाढवणारे साधन होऊन राहिले आणि ज्या शोषणाची चित्रपट निंदा करतो त्याच कुतूहलावर त्याची जाहिरात बेतली गेली. पुढील ‘रागिणी एमएमएस २’ने (२०१४) तर सापडलेल्या चित्रणाची चौकटच सोडून दिली. तिच्यासोबत कॅमेऱ्याच्या अपराधाचा प्रश्नही सुटला.

८. खर्च कोणी सोसला?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. खर्च कमी झाला म्हणजे तो नाहीसा झाला असे नव्हे. तो दुसरीकडे सरकला. त्याचा काही भाग प्रेक्षकाच्या कल्पनाशक्तीवर गेला आणि प्रेक्षकाने तो आनंदाने उचलला. उरलेला भाग कलावंतांवर गेला. ‘ब्लेअर विच’चे तिघे कलावंत नट होते, त्याचबरोबर बव्हंशी छायालेखक आणि स्वतःच्या संवादांचे लेखकही होते. उपासमार आणि अपुरी झोप हा निर्मितीचाच भाग होता. याहून गंभीर गोष्ट प्रदर्शनाच्या वेळी घडली. ते बेपत्ता असल्याची पत्रके लावली गेली, चित्रपटविषयक माहितीच्या संकेतस्थळावर त्यांची नोंद बेपत्ता आणि मृत समजण्यात येत असल्याची होती, आणि चित्रपटाच्या प्रसिद्धीपासून त्यांना दूर ठेवण्यात आले. हेदरच्या आईला सांत्वनाची पत्रे आली. ज्या चित्रपटाने त्यांना प्रसिद्धी द्यावी, त्याच्या यशासाठी त्यांनी अज्ञात राहणे आवश्यक होते. त्याच वर्षासाठी वाईट अभिनयाचा उपहासात्मक ‘रॅझी’ पुरस्कार हेदरला दिला गेला. जो अनुभाव चित्रपटाचे सर्वस्व होता त्याचीच थट्टा झाली.

२०२४ च्या एप्रिलमध्ये, हक्क आता जिच्याकडे आहेत त्या लायन्सगेट संस्थेने नव्या ‘ब्लेअर विच’ चित्रपटाची घोषणा केल्यावर, या तिघांनी एक खुले पत्र प्रसिद्ध केले. योग्य संघटनात्मक वा कायदेशीर प्रतिनिधित्व लाभले असते तर जो मोबदला मिळाला असता तेवढा मिळावा, आपल्या नावांचा आणि प्रतिमांचा वापर करताना आपला सल्ला घेतला जावा, अशा त्यांच्या मागण्या होत्या. मूळ खर्चाइतके, म्हणजे ६० हजार डॉलरचे अनुदान दरवर्षी एखाद्या अपरिचित चित्रपटकाराला दिले जावे, असेही त्यांनी सुचवले. अल्पखर्ची चित्रपटाच्या परंपरेवर याहून मार्मिक समीक्षा क्वचितच झाली असेल. कमी पैशांत चित्रपट करण्याला त्यांचा विरोध नाही. कमी पैशांत काम करणाऱ्यांना यशानंतरही कमीच मिळावे, याला तो आहे.

येथे एक प्रतिवाद संभवतो. स्वतःची नावे, खरा थकवा, खरी भीती यांमुळेच अभिनयात तो अकृत्रिमपणा आला, असे कोणी म्हणेल. त्यात तथ्य आहे. परंतु चित्रीकरणस्थळी घेतलेली मेहनत आणि प्रदर्शनाच्या वेळी लादलेले ‘मृत्यू’ या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली कलानिर्मितीची अंगभूत बाब मानता येईल, अर्थात तिचा मोबदला मिळाला तर. दुसरी निव्वळ विक्रीची गरज होती. पाचव्या भागात पाहिल्याप्रमाणे सत्यतेचा दावा कोसळल्यानंतरही चित्रपटाचे भय टिकून आहे. म्हणजे कलावंतांना मृत ठरवल्यावाचून कलाकृती म्हणून चित्रपटाचे काहीही बिघडले नसते. बिघडला असता तर तिकिटविक्रीचा आकडा.

हा प्रश्न जुना झालेला नाही. रॉब सॅव्हेज यांचा ‘होस्ट’ (२०२०) हा टाळेबंदीच्या काळात, संगणकाच्या पडद्यावरील बैठकीच्या रूपात साकारला गेला. कलावंतांनी आपापल्या घरी कॅमेरा, प्रकाशयोजना आणि काही युक्त्याही दूरस्थ मार्गदर्शनाखाली स्वतः सांभाळल्या. परिणाम प्रभावी आहे. पण एका नटाने किती जणांचे काम करावे, हा जो प्रश्न १९९७ च्या रानात होता तो २०२० च्या घरातही आहे.

९. निष्कर्ष

१) अल्पखर्ची फाउंड फुटेज चित्रपटांनी भयपटात केलेला मूलभूत बदल म्हणजे उणिवेचे पुराव्यात रूपांतर. पूर्वी लपवावी लागणारी गरिबी येथे अर्थवाहक झाली.

२) या चित्रपटांनी भयाचे केंद्र आलंबनाकडून अनुभावाकडे नेले. हलता किंवा स्थिर कॅमेरा ही साधने आहेत, दृष्टीआड ठेवलेले कारण हे तत्त्व आहे.

३) सत्यतेचा दावा संभावनेचा अभाव दूर करतो, पण साधारणीकरणात अडथळा आणतो. तो दावा उघडा पडल्यावरही उत्तम चित्रपटांचे भय टिकते, यावरून तो दावा या प्रकाराचा प्राण नव्हे, असे दिसून येते.

४) कॅमेरा कोणाच्या हाती आणि कोणाच्या संमतीने, हा या प्रकाराचा अंतःस्थ नैतिक विषय आहे. चांगल्या कृती तो पेलतात, सामान्य कृती त्याचा केवळ वापर करतात.

५) ‘अल्पखर्च’ हा शब्द समीक्षेने जपून वापरावयास हवा. निर्मात्याचा वाचलेला खर्च पुष्कळदा कलावंताच्या श्रमांच्या, नावाच्या आणि ओळखीच्या रूपाने फेडला गेलेला असतो.

महाविद्यालयांच्या चित्रपटविषयक अभ्यासक्रमांत आणि विद्यार्थ्यांच्या लघुपट-स्पर्धांत आज भ्रमणध्वनीच्या कॅमेऱ्यावर असे भयपट होऊ लागले आहेत. कॅमेरा कसा धरावा हे या विद्यार्थ्यांना शिकवावे लागत नाही. तो कोणावर रोखला आहे, त्या व्यक्तीला विचारले आहे काय, आणि चित्रपट चालला तर तिच्या वाट्याला काय येईल, हे मात्र शिकवावे लागेल. ‘सापडलेले चित्रण’ असे आपण म्हणतो खरे, परंतु कोणतेही चित्रण आपोआप सापडत नाही. ते कोणीतरी केलेले असते आणि त्या कोणाचे तरी नाव श्रेयनामावलीत, तसेच हिशेबातही, असावे लागते.